बाटलीतले विरजण

परळच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी आम्हांला एक प्रश्न कळवला. वर्गात ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ हा धडा चालू होता. दही, पाव, व्हिनेगर अशी उदाहरणे झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, माझ्या ताईने चेहऱ्याला लावायची बाटली आणली आहे. तिच्यावर ‘फर्मेंट’ लिहिलंय. दह्यातले जीवाणू तोंडाला लावले तर मुरुमं जातात का?” बाईंनी उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलले आणि आम्हांला विचारले. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना आम्हांलाही बरेच वाचावे लागले. ताईची बाटली तिच्या पगाराच्या मानाने स्वस्त नव्हती, हेही बाईंनी मुद्दाम लिहिले होते.

उत्तर शोधताना आम्ही पहिले काम केले ते दादरला, रानडे रस्त्यावरच्या दुकानांत उभे राहून लेबले वाचण्याचे. लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्येही एक फेरी मारली. तेथे कोरिया-जपानहून आलेल्या बाटल्यांसाठी वेगळे फडताळच असते. ‘लॅक्टोबॅसिलस फर्मेंट’, ‘बायफिडा फर्मेंट लायसेट’, ‘गॅलॅक्टोमायसिस फर्मेंट फिल्ट्रेट’, ‘आंबवलेल्या तांदळाचे पाणी’, ‘प्रोबायोटिक क्रीम’ अशी नावे सतत दिसली. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, “आंबवलेलं आहे, म्हणजे नॅचरल.” हे विधान तपासण्यासारखे आहे, कारण जाहिरातींचा सारा जोर याच एका शब्दावर आहे.

आंबवणे ही एक क्रिया आहे. दुधाला विरजण लावले की त्यातील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू ४.५ च्या आसपास उतरतो आणि दुधातील प्रथिने गोठतात. इडलीच्या पिठात आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पीठ फुगते. ऊसाच्या मळीत किण्व सोडले तर अल्कोहोल मिळते. आसवे आणि अरिष्टे ही आपली जुनी औषधेही किण्वनानेच बनतात. बुरशी वाढवली तर पेनिसिलिन मिळू शकते, आणि ओलसर शेंगदाण्यावर वेगळ्या जातीची बुरशी वाढली तर यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिनही मिळते. म्हणजे ‘आंबवलेले’ या शब्दावरून पदार्थ हितकर की अहितकर, काहीच कळत नाही. ‘तळलेले’ म्हटल्यावर कढईत काय होते ते जसे कळत नाही, तसेच हे. कोणता सूक्ष्मजीव, कशावर वाढवला, त्याने काय तयार केले आणि त्यातले किती बाटलीत उतरले, हे सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही.

लेबलावरच्या शेवटच्या शब्दांकडे आता पाहू. ‘फिल्ट्रेट’ म्हणजे गाळीव. सूक्ष्मजीव वाढलेला द्रव गाळून पेशी काढून टाकल्या की उरते ते. घरचे उदाहरण द्यायचे तर दही फडक्यात बांधून टांगल्यावर खाली पातेल्यात जमणारे पाणी. ‘लायसेट’ म्हणजे पेशी फोडून केलेला अर्क. दोन्हींत जिवंत जीवाणू अपेक्षितच नाहीत. तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग येथेच सुटतो: ताईच्या बाटलीत दह्यातले जीवाणू बहुधा नाहीतच.

‘प्रोबायोटिक’ म्हणवणाऱ्या क्रीमचे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव, आणि तेही पुरेशा संख्येने. आंबवलेल्या दुधाच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात विरजणाचे जीवाणू दर ग्रॅमला किमान १ कोटी असावे लागतात. याउलट सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्व प्रकारचे जिवंत सूक्ष्मजीव मिळून दर ग्रॅमला साधारण १००० च्या वर जाऊ नयेत असे आहे. डोळ्यांभोवती लावायच्या आणि लहान मुलांच्या प्रसाधनांसाठी तर १०० च. शिवाय बुरशी धरू नये म्हणून क्रीममध्ये परिरक्षक घातलेले असते, ते विरजणाच्या जीवाणूंनाही सोडत नाही. एका वाटीत कोटी आणि दुसऱ्या डबीत हजार, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मृत पेशींच्या अर्कासाठी अलीकडे ‘पोस्टबायोटिक’ असा शब्द निघाला आहे. तो निदान प्रामाणिक आहे. पण त्याच्या व्याख्येतही आरोग्याला लाभ होतो हे दाखवण्याची अट आहेच. नुसते मृत जीवाणू असून भागत नाही.

काही बाटल्यांवर ‘९० टक्क्यांहून अधिक फर्मेंट फिल्ट्रेट’ असे असते. आकडा मोठा आहे. पण गाळीव द्रव हा मुळात बहुतांश पाणीच असतो. दह्याच्या पाण्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे गिरगावातल्या कोणत्याही आजी सांगतील. पाण्याला ‘फिल्ट्रेट’ हे नाव मिळाले की यादीत पहिला क्रमांक त्याचा लागतो आणि ‘पाणी’ हा शब्द खाली सरकतो. यात खोटे काही नाही, पण ग्राहकाचा समज मात्र वेगळा होतो.

या सर्व प्रकारात सर्वांत गाजलेली कथा जपानची आहे. एसके-टू या कंपनीने १९८० साली ‘पिटेरा’ नावाचा गॅलॅक्टोमायसिस या किण्वाचा गाळीव द्रव बाजारात आणला. कंपनी सांगते की, तांदळाची साके दारू बनवणाऱ्या भट्टीतील वृद्ध कामगारांचे चेहरे सुरकुतलेले, पण हात मात्र मऊ आणि तरुण दिसत होते, आणि त्यावरून संशोधकांना ही कल्पना सुचली. गोष्ट सुरेख आहे आणि निरीक्षणातून प्रश्न सुचणे हे विज्ञानात नेहमीच घडते. पण प्रश्न सुचणे आणि उत्तर मिळणे यांत अंतर असते. भट्टीतला हात दिवसभर ओल्या भातात असतो, त्याला अल्कोहोल, आम्ल, विकर, स्टार्च, सगळेच लागते. तो उन्हातही कमी येतो. ज्यांच्या हातांना त्या कामाने खाज सुटली ते काम सोडून गेले असतील, तर म्हाताऱ्या वयात भट्टीत दिसणार कोण? ज्यांच्या त्वचेला ते मानवले तेच. आपल्याकडे पाहा. गिरगाव-दादरच्या खानावळींत आणि उडपी उपाहारगृहांत रोज शेरावारी पीठ हाताळणारी माणसे आहेत. सतत ओल्या कामाने हातांना इसब होणे, नखांच्या कडा सुजून दुखणे हे त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या परिचयाचे आहे. त्यांच्या हातांवरून कोणी क्रीम काढलेले नाही.

दुसरा अडसर त्वचेचा. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि बाहेरचे पदार्थ आत न येऊ देणे हेच त्याचे काम. त्वचारोगतज्ज्ञांत २००० सालापासून एक स्थूल नियम रूढ आहे: ज्या रेणूचे वस्तुमान ५०० डाल्टनपेक्षा जास्त तो निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाही. हायड्रोजनचा अणू सुमारे १ डाल्टन धरला तर लॅक्टिक आम्लाचा रेणू ९०, ग्लुकोजचा १८०. प्रथिनांचे मात्र हजारोंत. जाहिरातीत ‘जीवाणूंची प्रथिने त्वचेच्या खोलवर पोचतात’ असे वाचले की हा नियम आठवावा. मोठे रेणू पृष्ठभागावर पाणी धरून ठेवू शकतात आणि त्याने त्वचा काही तास मऊ लागते. तो उपयोग खरा आहे. ग्लिसरीनही तेच करते, आणि त्याची बाटली दादरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते.

मग किण्वनाचा त्वचेला काही उपयोगच नाही का? आहे, आणि तो चांगला सिद्ध झालेला आहे; फक्त तो ‘फर्मेंट’ या शब्दामुळे नाही. लॅक्टिक आम्ल घ्या. त्वचेतील नैसर्गिक ओलावा धरणाऱ्या द्रव्यांत ते स्वतःच असते. ५ ते १२ टक्के प्रमाणात लावले तर मृत पेशींचा थर सुटायला मदत होते. दह्यात ते साधारण १ टक्क्याच्या आसपास असते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरगुती वापराच्या प्रसाधनांसाठी १० टक्के आणि सामू ३.५ पेक्षा कमी नको अशी मर्यादा सुचवली, कारण त्यापुढे त्वचा जळते, आणि या आम्लांनी उन्हाचा त्रासही वाढतो. कोजिक आम्ल १९०७ साली जपानमध्ये तांदूळ आंबवणाऱ्या बुरशीतून सापडले. त्वचेचा रंग बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते. युरोपीय संघाने २०२४ साली त्याला १ टक्क्याची कमाल मर्यादा घातली. हायलुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जीवाणूंकडून बनवून घेतात. या तिन्ही उदाहरणांत पदार्थाला नाव आहे, प्रमाण आहे, आणि म्हणून मर्यादाही घालता येते. लॅक्टिक आम्ल किण्वनाने केले की रसायनशाळेत, त्वचेला त्याने फरक पडत नाही.

याच ठिकाणी पेनिसिलिनची आठवण होते. फ्लेमिंगने १९२९ च्या आपल्या लेखात ‘पेनिसिलिन’ हा शब्द वापरला तो शुद्ध पदार्थासाठी नव्हे. बुरशी वाढलेल्या गाळीव द्रवाला वारंवार लांबलचक नाव द्यावे लागू नये म्हणून त्याने तो सोयीचा शब्द काढला होता. म्हणजे पेनिसिलिनही आधी एक ‘फर्मेंट फिल्ट्रेट’च होते! त्या अवस्थेत ते दहाएक वर्षे राहिले. आजच्या द्रवात जोर आहे, उद्याच्यात नाही, आणि ठेवले तर उतरतो. पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील गुणकारी भाग वेगळा काढला, त्याचे एकक ठरवले. मे १९४० मध्ये आठ उंदरांना घातक जंतू टोचून त्यांपैकी चारांनाच पेनिसिलिन दिले. बाकीचे चार मेले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तेव्हा कुपीवर एककांचा आकडा छापणे ही साधी गोष्ट झाली होती. सौंदर्यप्रसाधनांतील बहुतेक फर्मेंट अजून १९२९ मध्येच उभे आहेत: द्रवाला नाव आहे, त्यातील गुणकारी भागाला नाही, एककही नाही.

आठ उंदरांपैकी चारांना औषध दिलेच नाही, ही गोष्ट सोडून देऊ नये. परळच्या बाईंना तर याचे उदाहरण शाळेच्या आसपासच मिळेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग तो द्रव तापवून जंतू मारले आणि लस केली. आजच्या भाषेत सांगायचे तर जंतू वाढवलेल्या द्रवातील मृत पेशी. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. स्वतःला टोचून पाहिले, एवढ्यावरून लस गुणकारी ठरत नाही, हे हाफकिन जाणून होते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले, बाकीचे आले नाहीत. इमारत तीच, अन्न तेच. दोन्ही गटांत कितीजण आजारी पडले आणि किती दगावले ते मोजले. न टोचलेल्यांत अधिक.

येथे चौकस विद्यार्थ्याने हात वर केला पाहिजे: स्वेच्छेने पुढे आलेले कैदी आधीच अधिक धडधाकट असतील तर? शंका रास्त आहे. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंडेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि उरलेल्या निम्म्यांना नाही. तेच घर, तेच उंदीर, तीच चूल. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात. जिवावर बेतलेल्या साथीत, अपुऱ्या साधनांनिशी, ‘न टोचलेले’ लोक मोजण्याची तसदी घेतली गेली. शंभराहून अधिक वर्षांनी, सावकाश चालणाऱ्या आणि पैसेवाल्या धंद्याकडून तेवढी अपेक्षा करणे जास्त नाही.

जाहिरातींत मात्र साधारण असे वाचायला मिळते: ‘चार आठवड्यांत बहुतेक स्त्रियांना त्वचा अधिक तजेलदार वाटली.’ वाटली! कशाच्या तुलनेत? याच क्रीममधून फर्मेंट वगळून बाकी सारे तसेच ठेवलेले दुसरे क्रीम लावले असते तर किती जणींना वाटली असती? कोणतेही बरे क्रीम चार आठवडे नेमाने लावले की त्वचा मऊ होतेच.

अशी तुलना कोणी केलीच नाही असे नाही. ‘व्हिट्रिओसिला’ या जीवाणूच्या पेशींचा ५ टक्के अर्क असलेले क्रीम आणि तेच क्रीम अर्काविना, असे दोन गट करून ७५ जणांवर ३० दिवस घेतलेली चाचणी २००८ साली ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोणाला काय मिळाले ते लावणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. इसबाच्या एका प्रकारात अर्काच्या गटाला खाजेत अधिक उतार पडला. संशोधन लोरेयाल कंपनीशी निगडित होते, तेव्हा इतरांनी ते पुन्हा करून पाहणे बरे. पण पद्धत योग्य होती, म्हणून आम्ही ते गंभीरपणे घेतो. मात्र त्यावरून ‘लॅक्टोबॅसिलस’च्या बाटलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. जीवाणू वेगळा, प्रमाण वेगळे, आजार वेगळा. एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला वरच्या वर्गात घालण्यासारखे ते होईल.

एक उदाहरण मात्र आम्हांला अस्वस्थ करून गेले. मुळा आंबवून केलेला एक पदार्थ ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून वापरला जातो. त्यातील जीवाणूंच्या पेप्टाइडांमुळे इतर जंतू मरतात असा दावा होता. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी बाजारातील आंबवलेल्या मुळ्याच्या अशा उत्पादनाची छाननी करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंतू मारणारे घटक निघाले सॅलिसिलिक आम्ल आणि डायडेसिलडायमिथाइलअमोनियमचे क्षार. यांतला दुसरा पदार्थ कारखान्यात बनणारे जंतुनाशक आहे. कोणताही जीवाणू तो बनवत असल्याचे माहीत नाही. ज्याला ‘रसायनविरहित’ हवे होते त्याच्या हाती नेमके तेच, फक्त मुळ्याच्या नावाने.

यावर काही वाचक म्हणतील, मग घरीच तांदळाचे पाणी आंबवून लावू. मैत्रिणी-मैत्रिणींत ही कृती फार फिरते. आमचे मत स्पष्ट आहे: मुरुमे फुटलेल्या त्वचेवर लावू नये. घरच्या बरणीत कोणते जीव वाढले हे वासावरून कळत नाही. खाल्लेले ताक जठरातल्या आम्लातून जाते. फुटलेल्या पुटकुळीला तशी राखण नसते. आजीच्या हातचे डाळीचे पीठ आणि साय यांचे उटणे निराळे, ते तासाभरात धुऊन टाकायचे.

कायदा काय म्हणतो? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. रोग बरा करण्याचा दावा केला की ती औषधाच्या हद्दीत जाते आणि पुरावा द्यावा लागतो. म्हणून जाहिरातीतील क्रियापदे तोलून मापून येतात: सुरकुत्या ‘कमी दिसतात’, डाग ‘फिके भासतात’. २०२० च्या प्रसाधन नियमांत दिशाभूल करणारे दावे वर्ज्य आहेत, पण विक्रीपूर्वी परिणाम सिद्ध करून दाखवण्याची सक्ती नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे. निदान ‘क्लिनिकली सिद्ध’ हे शब्द छापणाऱ्याने चाचणीत किती माणसे होती आणि तुलना कशाशी होती ते बाटलीवर छापावे.

एक सोय मात्र नियमांनी करून ठेवली आहे, तिचा वर्गात उपयोग होईल. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक लेबलावर उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का आणि त्याखालचे त्यानंतर, कोणत्याही क्रमाने. ‘फेनॉक्सिइथेनॉल’ हे परिरक्षक पुष्कळ बाटल्यांत असते आणि ते १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे यादीत त्याच्या खाली जे जे आले ते प्रत्येकी फार तर १ टक्का. बाईंना आम्ही एवढेच सुचवले की मुलीने ताईच्या बाटलीवरची यादी वहीत उतरवून आणावी.

तिने आणली. पाणी, ग्लिसरीन, आणखी तीन-चार नावे, झँथन गम, फेनॉक्सिइथेनॉल, सुगंध, आणि सर्वांत शेवटून दुसरे ‘लॅक्टोबॅसिलस फर्मेंट’. वर्गाने क्रम पाहिला आणि अर्थ लावला. मग कोणीतरी धड्यात परत पाहिले. झँथन डिंक जीवाणूंकडून किण्वनानेच बनवतात, आणि या बाटलीतला द्रव दाट झाला आहे तो त्यानेच. मागच्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारले, “बाई, मग मोठ्या अक्षरात ह्याचं नाव का नाही लिहिलं?”